मोफत विज्ञानमेळा आणि न आलेल्यांची मोजणी

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली या तारखेला सर सी. व्ही. रामन यांनी आपला प्रकाशविषयक शोध जाहीर केला आणि १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. त्या सुमारास एरवी कुलपात असणारी विज्ञानाची मोठी दारे सामान्य माणसासाठी उघडतात. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही संस्था उघडते. जुन्नर तालुक्यातील खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना पाहता येते आणि तेथेच शाळांच्या प्रयोगांचे प्रदर्शन भरते. आईबापांनी मुलांना घेऊन यावे, प्रयोग पाहावेत, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारावेत, अशी ही कल्पना. प्रवेश विनामूल्य. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात रांगेचा फोटो येतो आणि खाली 'विज्ञानप्रेमींची अलोट गर्दी' अशी ओळ असते.

या उपक्रमांविषयी आमच्या मनात आकस नाही. ज्या देशात २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेच विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा घाट घातला होता, त्या देशात एखादे विद्यापीठ एक दिवस तरी दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक घेऊन लोकांसमोर बसते, याचे स्वागतच केले पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. गर्दी झाली, हे ठीक. पण ती कोणाची झाली? आणि जे आले नाहीत त्यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

हा प्रश्न आम्ही फोंडाघाटातून विचारतो आहोत, म्हणून आधी फोंडाघाट कोठे आहे ते सांगितले पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता जेथे घाट चढू लागतो तेथे हे गाव आहे. उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हा सारा जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या अखत्यारीत येतो. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय येथून चारशे किलोमीटरांहून दूर आहे. रत्नागिरीला विद्यापीठाचा उपपरिसर आहे आणि त्याला बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांचे नाव दिले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण रत्नागिरीही शंभर किलोमीटरांच्या पलीकडे. गंमत अशी की घाट चढून गेले तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ रत्नागिरीपेक्षा जवळ पडते. परंतु ते 'आपले' विद्यापीठ नाही, आपली पदवी तेथून येत नाही. नकाशावर एक विद्यापीठ, रस्त्याने दुसरे, अशी येथील विद्यार्थ्याची स्थिती आहे.

आता 'मोफत' या शब्दाचा हिशेब करू. समजा रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला असा कुटुंबमेळा भरला. वाडीवरच्या एका घरातून नवरा, बायको आणि दोन मुले निघाली. प्रवेशद्वारावर एक रुपयाही लागणार नाही. पण दोघांचा त्या दिवसाचा रोज बुडाला. एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे पडले. मार्च २०२३ पासून बाईला अर्धे तिकीट लागते आणि लहान मुलांनाही अर्धे, ही तेवढीच सवलत. दुपारचे जेवण बाहेर. संध्याकाळी कणकवलीला परतल्यावर घाटाकडची शेवटची गाडी चुकली तर रिक्षा. घरी म्हातारी माणसे आणि गुरे असतील तर त्यांना सांभाळायला कोणीतरी मागे राहिलेच पाहिजे, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा घरातली सून किंवा मोठी मुलगी. म्हणजे 'कुटुंबासाठी' असलेल्या मेळ्यातून ती आधीच वगळली गेली. तिकीटखिडकी नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट मोफत ठरत नसते, हे ज्यांच्या घरात रोजावर चूल पेटते त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यात तारीख पाहा. फेब्रुवारीच्या अखेरीस कोकणात काजूचा हंगाम सुरू झालेला असतो. ज्यांची स्वतःची बाग नाही ते दुसऱ्याच्या बागेत बिया गोळा करायला जातात, आणि वर्षात रोख पैसा हाती येण्याचे जे थोडे दिवस असतात त्यांतले हे दिवस. त्याच दिवसांत दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा असतात. विज्ञानाकडे वळायचे की नाही हे ज्या वयात ठरते त्या वयाची मुले परीक्षेच्या बाकावर आणि त्यांचे आईबाप काजूच्या झाडाखाली असताना देशभर विज्ञानाचा उत्सव होतो. रामन यांच्या शोधाची तारीख बदलता येत नाही हे मान्य. मेळ्याची तारीख मात्र कोणी दगडावर कोरलेली नाही.

प्रवेश मोफत केल्याने काय होते, याचा अनुभव इंग्लंडने घेतला आहे. डिसेंबर २००१ पासून तेथील सशुल्क राष्ट्रीय संग्रहालयांचा प्रवेश विनामूल्य झाला. त्यांत विज्ञानाची संग्रहालयेही होती. भेटींची संख्या पुष्कळ वाढली. सरकारने पाठ थोपटून घेतली. पण येणारे कोण हे तपासले तेव्हा दिसले की प्रेक्षकांचा सामाजिक चेहरा फारसा बदललेला नाही. जो सुस्थितीतला, शिकलेला वर्ग आधी येत होता तोच आता अधिक वेळा येऊ लागला होता. तेथील संशोधकांनी पुढे 'विज्ञान-भांडवल' अशी कल्पना मांडली. घरात विज्ञान शिकलेले कोणी आहे का, विज्ञानाच्या गोष्टी जेवताना निघतात का, ओळखीत कोणी डॉक्टर-इंजिनिअर आहे का, यावर मुलाची विज्ञानाविषयीची आकांक्षा पुष्कळशी ठरते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे या भांडवलाचे वाटप कोणत्या नियमाने झाले, हे या पानाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे! हजारो वर्षे ज्यांना अक्षराची बंदी होती आणि ज्यांच्यासाठी अक्षर राखीव होते, त्यांची मुले एकाच रांगेत उभी केली म्हणजे ती एकाच जागेवरून निघाली असे होत नाही.

आता मूल्यमापनाकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. असा मेळा संपला की त्याचा अहवाल होतो. त्यात काय असते? दारावर मोजलेली माणसे, स्टॉलची संख्या, उद्घाटकांचे नाव, आणि अभिप्रायाचे फॉर्म. फॉर्मवर विचारलेले असते : 'मेळा आवडला का? उत्तम, चांगला, बरा.' यावर माणूस काय लिहिणार? आपल्याकडे पाहुणा यजमानाच्या जेवणाला नावे ठेवत नाही. त्यातून जो फॉर्म भरतो त्यालाच लिहिता येते, त्याच्याचकडे पेन असते आणि त्यालाच आपल्या मताला किंमत आहे असे वाटते. मागे उभी असलेली, मुलाचा हात धरलेली बाई फॉर्म न भरताच निघून जाते. मग अहवालात येते की बहुसंख्य प्रेक्षकांना मेळा 'उत्तम' वाटला.

आम्हाला नवल याचे वाटते की हीच शास्त्रज्ञ मंडळी स्वतःच्या प्रयोगशाळेत असला पुरावा क्षणभर चालवून घेणार नाहीत. याच महाराष्ट्रातले, याच पुण्यातले उदाहरण घ्या. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखा म्हणून आव्हान दिले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण आले ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते! २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या चाचणीचे सामर्थ्य कशात होते? 'ज्योतिषाचा अनुभव कसा वाटला, उत्तम की बरा' असे गिऱ्हाइकांना विचारले नव्हते. तसे विचारले असते तर ज्योतिष शंभर टक्के खरे ठरले असते. तुलना कशाशी करायची, यश कशाला म्हणायचे आणि अपयश कशाला, हे आधी ठरवले होते आणि मग मोजले होते. डॉ. दाभोलकरांचा २०१३ साली पुण्यात खून झाला, डॉ. नारळीकर २०२५ मध्ये गेले. त्यांनी ज्योतिषाला जी कसोटी लावली ती विज्ञानाच्या मेळ्यालाही लागू आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ती लावली तर पहिलीच अडचण अशी दिसते की मेळ्याला येणारे मूल मुळातच निवडलेले असते. ज्या घरात आधीच गोडी आहे तेच घर रविवार मोडून येते. नंतर पाहिले तर ती मुले विज्ञानात पुढे गेलेली दिसणार. त्याचे श्रेय मेळा घेणार. ते मूल मेळ्याला न येताही पुढे गेले असते की नाही, हे कळायचे तर न आलेल्या मुलांकडे जावे लागेल, आणि तेथे कोणी जात नाही.

कोणीच कधी गेले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक काम केले ते आंबेडकरी चळवळीच्या वाचकांनी माहीत करून घ्यावे असे आहे. महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुलेमुली निवडून त्यांना नियमित मार्गदर्शन दिले गेले, आणि ती शालान्त परीक्षेला बसेपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला गेला. निकाल ठळकपणे सुधारले. कुलकर्णी आणि आगरकर यांचा त्यावरचा अहवाल १९८५ सालचा आहे. त्याच केंद्राने त्याआधी पाठ्यपुस्तकांच्या भाषेचा अभ्यास केला होता. विज्ञान तेच ठेवून फक्त भाषा सोपी केली तरी मुलांना विषय अधिक कळतो, असे त्यात दिसले. याचा अर्थ काय? ज्या मुलांना 'विज्ञान झेपत नाही' असा शिक्का बसला होता, त्यांना विज्ञान झेपत होते. झेपत नव्हती ती विशिष्ट घरांत बोलली जाणारी पुस्तकी भाषा. 'गुणवत्ता' म्हणून आरक्षणाच्या विरोधात जी वस्तू मिरवली जाते तिच्यात भाषेचा हिस्सा किती आणि बुद्धीचा किती, याचे उत्तर महाराष्ट्रातच चाळीस वर्षांपूर्वी मोजून ठेवलेले आहे. ते वादविवादात कोणी काढत नाही हा भाग वेगळा.

या कामात आणि एक दिवसाच्या मेळ्यात फरक आहे तो पाठपुराव्याचा. एक दिवस दुर्बिणीतून शनीची कडी पाहून मूल हरखते, हे खरे आणि मोलाचे. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असेल तर त्या हरखण्याचे काय होते?

आता मेळ्याच्या आत जाऊ. आत कोण बोलतो आणि कोणाशी? स्टॉलवर पदव्युत्तर वर्गाची मुले उभी असतात. ती चांगली असतात, उत्साही असतात. पण समोर दोन कुटुंबे आली आणि एका बापाने इंग्रजी शब्द घालून प्रश्न विचारला, तर स्वयंसेवक त्याच्याकडे वळतो. दुसऱ्या कुटुंबातले मूल टाचा उंचावून पाहते आणि पुढे सरकते. यात स्वयंसेवकाच्या मनात जात असेलच असे नाही. पण काळाच्या वाटपात ती दिसते. प्रत्येक कुटुंबाशी किती मिनिटे बोलणे झाले, मुलाने स्वतः किती उपकरणे हाताळली, त्याने प्रश्न विचारला की फक्त ऐकले, एवढे जरी एखाद्याने कोपऱ्यात बसून टिपले तरी अभिप्रायाच्या हजार फॉर्मांपेक्षा अधिक कळेल.

आणि तो फलक! 'उपकरणांना हात लावू नये.' हा फलक जातीमुळे लावलेला नसतो, उपकरण महाग असते म्हणून लावलेला असतो, हे आम्हाला कळते. पण ज्यांच्या पूर्वजांनी हे शब्द वेगळ्या कारणासाठी ऐकले आहेत त्यांच्या कानाला ते कसे लागतात, याचाही विचार व्हावा. शाळेत तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे, शिपाई असेल तरच पाणी मिळे, ही आठवण बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले तेव्हा वर्गात गलका झाला, कारण फळ्यामागे इतर मुलांनी जेवणाचे डबे ठेवले होते. भीमराव फळ्याशी पोहोचण्याआधी ते डबे हलवण्यात आले, मग त्यांनी खडू उचलला. कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. गणित येत होते. फळ्यापर्यंतचा रस्ता अडलेला होता. विज्ञान म्हणजे हाताने करून पाहणे. ज्या मेळ्यात हात लावता येत नाही तो विज्ञानाचा मेळा नव्हे, देवदर्शनाची रांग आहे, आणि त्या रांगेशी आमचे जुने भांडण आहे.

यावर उपाय नाही असे नाही. आयुकाच्या आवारात २००४ पासून पु. ल. देशपांडे यांच्या नावाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तेथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी उभी केली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे एवढ्यावर भूमिती शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. मोडले तर मोडू द्या, दुसरे करू. ही दृष्टी त्यांनी मध्य प्रदेशच्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून घेतली. १९७२ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात सरकारी शाळांतली खेड्यापाड्यांतील मुले घोकंपट्टी सोडून प्रयोग करून शिकत. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. गरिबांच्या पोरांनी प्रश्न विचारायला शिकावे हे कोणत्याही पक्षाच्या सरकारला फार काळ परवडत नाही, असा आमचा अंदाज आहे.

फोंडाघाटात असा मेळा भरवायचा झाला तर त्यासाठी पुण्याहून काचेच्या पेट्या आणण्याची गरज नाही, आणि विद्यापीठ शोधायलाही लांब जायला नको. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र फोंडाघाटातच आहे. म्हणजे विद्यापीठ गावात आहे. गाव विद्यापीठात किती आहे हा प्रश्न. भाताच्या वाणांचे संशोधन जेथे होते तेथे लावणीला वाकणारे हात कोणाचे असतात, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. कोणते रोप चिखलात तग धरते आणि कोणते लोळते हे त्या बाईला कळते, पण तिच्या या जाणतेपणाला विज्ञान म्हणण्याची पद्धत नाही. मेळ्यात तिला प्रेक्षक म्हणून न बोलावता एका टेबलामागे बसवले आणि कृषी पदवीधराला तिच्यासमोर विद्यार्थी म्हणून उभे केले, तर त्या दिवशी पुष्कळ काही उलटेल.

विषयही गावातलेच घ्यावेत. घाटाच्या पायथ्याशी समुद्रकिनाऱ्यापेक्षा जास्त पाऊस का पडतो? समुद्रावरून आलेले ढगाळ वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाणी सोडतात. हे सांगायला मागे उभा असलेला डोंगर पुरे. लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस का होतो? उंदीर आणि गुरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात जातात. ज्यांना दिवसभर चिखलात उभे राहावे लागते त्यांनाच तो होतो, बांधावर छत्री धरून उभ्या असलेल्याला सहसा होत नाही. २०१६ पासून याच जिल्ह्यात दोडामार्गकडे माकडतापाने माणसे दगावली. तो गोचिडीतून येतो. विंचूदंशाने कोकणात मुले पटापट मरत, तेव्हा रायगड जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू रोखले आणि १९८० च्या दशकात त्यांचे लेख 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य नियतकालिकात आले. गरिबीतून शिकलेल्या डॉक्टरने, खेड्यातल्या खाटेशेजारी बसून केलेले हे विज्ञान आहे. आमच्या मुलांना शनीच्या कड्यांबरोबर हेही दाखवा.

आणि घाट चढून गेले की राधानगरी. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेले ते धरण. पाणी पूर्ण पातळीला आले की पाण्याच्याच दाबाने आपोआप उघडणारे सात दरवाजे त्याला आहेत. पावसाळ्यात बातमी येते, 'राधानगरीचे इतके दरवाजे उघडले', आणि लोक पंचगंगेच्या पुराच्या काळजीने ती वाचतात. ते उघडतात कसे, हे फोंडाघाटच्या किती मुलांना कोणी समजावून सांगितले? १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या राजाच्या धरणावर भरलेला विज्ञानवर्ग आम्हाला कोणत्याही वातानुकूलित सभागृहापेक्षा अधिक आवडेल.

असा मेळा भरवला तर मोजावे कसे, याचेही थोडे सांगतो. दर दहाव्या कुटुंबाशी वेगळे बसून, त्यांच्या बोलीत, पाच मिनिटे बोलावे. कसे आलात, किती खर्च आला, रोज बुडाला का, घरी कोण राहिले, मुलाने काय हातात घेतले. जात विचारू नये. ती विचारणे अपमानास्पद होते आणि उत्तरही खरे येत नाही. वाडी विचारावी. कोकणात वाडीचे नाव सांगितले की बाकीचे कळते. २०२० साली राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो चांगलाच आहे. पण पाटी बदलली तरी वाडी गावाच्या कोणत्या टोकाला आहे ते बदललेले नाही. मग गावातील वाड्यांची यादी समोर ठेवून पाहावे की कोणत्या वाडीतून एकही कुटुंब आले नाही. त्या वाडीत जाऊन कारण विचारावे. तीन-चार महिन्यांनी पुन्हा जावे, आलेल्यांकडे आणि न आलेल्यांकडेही, आणि पाहावे की मुलाला काय आठवते, शाळेत कोणता प्रश्न विचारला, घरात काही करून पाहिले का. हे काम मुंबईच्या संशोधकाने एकट्याने करू नये. वाडीतल्याच बारावी झालेल्या मुलामुलींना प्रशिक्षण आणि मानधन देऊन करून घ्यावे. ज्यांना आजवर फक्त मोजले गेले त्यांनी एकदा मोजपट्टी हातात धरलेली बरी.

विद्यापीठांना यात रस का असावा? त्याचे एक व्यवहारी कारण आहे. नॅकच्या मूल्यांकनात संशोधनाच्या निकषाबरोबर 'विस्तारकार्य' मोजले जाते. त्यासाठी जिओटॅग केलेले फोटो आणि हजेरीपत्रके फाइलीत लागतात. मेळ्याचे अहवाल असे का असतात, हे यावरून कळेल : ते लोकांसाठी लिहिलेले नसतात, नॅकच्या समितीसाठी लिहिलेले असतात. पण खर्च होणारा पैसा सार्वजनिक आहे. संविधानाच्या ४६ व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याचे काम राज्यावर टाकले आहे; आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. कर्तव्य सर्वांवर आणि साधने काहींच्या हाती, अशी ही विभागणी आहे. तेव्हा माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून आपल्या भागातील विद्यापीठाला विचारता येईल : गेल्या तीन वर्षांत विज्ञानमेळ्यांवर किती खर्च केला, ते कोणत्या तालुक्यांत भरवले, आणि कोणत्या गावांतून लोक आले? उत्तर आले नाही तरी तेही एक उत्तर आहे.

कोणी म्हणेल, पोटाचे, जमिनीचे, अत्याचाराचे प्रश्न उभे असताना आंबेडकरी दैनिकाने विज्ञानमेळ्यावर एवढी शाई का खर्चावी? २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकाने भारतातील अग्रगण्य विज्ञानसंस्थांची आकडेवारी छापली, तीत प्राध्यापकांच्या वरच्या जागांवर दलित-आदिवासी जवळजवळ दिसतच नाहीत. हैदराबादचा रोहित वेमुला २०१६ मध्ये आणि मुंबईत डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये, ही दोन्ही मुले विज्ञानाच्या दारातून आत गेल्यावर आपण गमावली. आतला छळ हा एक लढा आहे आणि तो चालूच राहील. पण त्या दारापर्यंत पोहोचणाऱ्यांची रांग गावापासून सुरू होते, आणि ती कोठे तुटते हे कोणी पाहिलेले नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. त्या धम्माचा वारसा सांगणाऱ्यांच्या विहारात वर्षातून एक दिवस सूक्ष्मदर्शक यायला हरकत नसावी. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, बुद्धपौर्णिमेला वाडी भरलेली असते, शाळांना सुटी असते, परीक्षा संपलेल्या असतात. मंडप आणि वीज तेथे असतेच. ध्वनिक्षेपकावर जेवढा खर्च होतो त्याचा काही हिस्सा भिंगे, चुंबक आणि पर्जन्यमापकाकडे वळवला तरी सुरुवात होते. मुंबई मंडळांत आज रेल्वेत, महापालिकेत, रुग्णालयांत, औषधांच्या कारखान्यांत काम करणारी आपली माणसे आहेत. तंत्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत. त्यांनी आपल्या रोजच्या कामाचे एकेक टेबल मांडावे. मंडळाने एक पत्र मुंबई विद्यापीठाला आणि एक फोंडाघाटच्या कृषी संशोधन केंद्राला द्यावे : आम्ही या तारखेला बसतो आहोत, तुमची उपकरणे आणि तुमची मुले पाठवा. पत्र मार्चमध्येच गेले पाहिजे, कारण विद्यापीठाच्या कचेरीत कागद हलायला दोन महिने लागतात. अहवाल मराठीत लिहावा आणि नॅकच्या फाइलीत जाण्याआधी तो वाडीत वाचून दाखवावा.